ब्राझीलवाल्यांपायी गेलेली मंडई

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात नाल्याकाठी एक गाव आहे. तिथल्या मंडईत वर्षानुवर्षं माझं साउंड लागायचं, आता लागत नाही. बाजारात भेटेल तो विचारतो, "गणवीरभाऊ, थे गाव काऊन सोडलं जी?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना माझं डोकं तापतं, आणि डोकं तापलं की गोष्ट अर्धवट राहते. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहून मागितले, तेव्हा म्हटलं, हेच एकदा नीट लिहून काढावं.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी मंडई काय ते सांगतो. दिवाळी झाली, हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लग्न झालेल्या लेकी जावयांना घेऊन येतात, सोयरिकी जुळतात. दिवसा दंडार, म्हणजे गावातल्याच माणसांनी नाचत-गात केलेला खेळ, आणि रात्री मोठं नाटक. आसपासची गावं आपसात दिवस वाटून घेतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. गावाची मंडई कशी झाली हे तीन गोष्टींवर ठरतं: पाहुणे किती आले, नाटक कसं झालं आणि आवाज कुठवर गेला. यातली तिसरी गोष्ट माझी.

आवाज लांब पोचवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. नवे लोक बॉक्सवर बॉक्स चढवतात आणि बटण पिळतात. त्यानं जवळच्या माणसाच्या छातीत धडधड होते, लांब काहीच जात नाही. धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, कापलेल्या आहेत की उभ्या, वारा कुणीकडचा, मध्ये आमराई आहे का, हे पाहून पोंगे, म्हणजे कर्णे, बांधावे लागतात. दिवस कलला आणि गारवा उतरला की आवाज जमिनीलगत सरपटत दूर जातो, तेव्हा पोंग्याचं तोंड थोडं खाली करायचं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी सौंदडच्या बौद्ध मोहल्ल्यातला, बाप धानगिरणीत हमाल. जयंतीच्या मिरवणुकीत दुसऱ्या गावाहून भाड्यानं आणलेला पोंगा मधेच बंद पडला आणि सगळे त्या पोंगेवाल्याच्या हातापाया पडले, हे पाहून मी या धंद्यात आलो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका वधूपित्याला मंगलाष्टकं थेट व्याह्याच्या गावापर्यंत ऐकू जायला हवी होती, कारण व्याही रुसून लग्नाला आला नव्हता. एका पुढाऱ्याला भाषणात प्रत्येक शब्दाचा घुमारा हवा होता. दिला. मग त्याचं वाक्य संपायच्या आधी मागच्या वाक्याचा घुमारा परत यायचा आणि लोकांना कळेना की साहेब आश्वासन देऊन राहिले की मागे घेऊन राहिले. मी या सगळ्यांशी भांडलो आहे. भाव ठरवताना तर भांडतोच. समोरचा म्हणतो, "गणवीरजी, थोडं तरी कमी करा," आणि मी म्हणतो, "आवाज कमी करू का?" 

तर त्या वर्षी मंडईच्या महिनाभर आधी कमिटीचे अध्यक्ष टेंभरेजी घरी आले. पोवार समाजातले, दोन ट्रॅक्टरचे धनी, बोलणं तोलून मापून. म्हणाले, नागपूरची एक संस्था परदेशी वादक खेड्यांमध्ये नेऊन कार्यक्रम करते, या वेळी ब्राझीलचे लोक आहेत, दंडार आणि नाटकाच्या मधल्या वेळेत आपल्याकडे वाजवतील.

"ब्राझील म्हंजे फुटबॉलवाले ना जी?" मी विचारलं.

"थेच. पण हे वाजवते. पोट्टे म्हणून राहिले का पंखं लावून नाचणाऱ्या बाया येतीन."

मी कामाला लागलो. परदेशी पाहुणे म्हणून स्टेज नेहमीपेक्षा उंच बांधला. बांधीतली माती खणून ओटा केला, वर फळ्या, मागे पडदा, दोन्ही बाजूंना बॉक्सच्या भिंती, झाडांवर पोंगे. असा स्टेज त्या पट्ट्यात कोणी पाहिला नव्हता, हे मी आजही छातीला हात लावून सांगतो.

अडचण दुसरीच झाली. नाल्यापलीकडच्या गावाशी मंडईच्या या गावाचं त्या वर्षी नाल्यातल्या पाण्यावरून वाजलं होतं. त्या रागात त्यांनी आपली मंडईही त्याच दिवशी ठेवली. आणि त्यांनी साउंड लावलं दिलीपचं.

दिलीप माझ्या हाताखाली शिकलेला. पोंगा कसा बांधायचा, वारा कसा ओळखायचा, सगळं माझ्याकडून घेतलं, मग गोंदियात दुकान टाकलं आणि एकेक करून माझी गावं घेत सुटला. समोर आला की वाकून "उस्ताद" म्हणतो. ते "उस्ताद" ऐकलं की माझं रक्त उकळतं.

मंडईच्या दिवशी सकाळीच टेंभरेजींनी मला बाजूला घेतलं. "गणवीरजी, सरळ सांगतो. कमिटीत काही लोकं म्हणते का दिलीपचं साउंड घ्या. मी थांबवून ठेवलं हाये. पण आज त्यांचा आवाज आपल्या मंडईत घुसला अन् आपला दबला, तं मग मायाच्यानं काई होणार नाही."

"दबला तं मी धंदा सोडतो," मी म्हणालो.

दुपारी ब्राझीलवाले आले. पाच जण. पंखं नाही, चमक नाही, साधे सुती सदरे. पुढारीण मारिसा नावाची पांढऱ्या केसांची बाई, बासरी वाजवणारी, तीही आडवी चांदीसारखी बासरी. एकाकडे सात तारांचं गिटार, एकाकडे हातभर लांबीचं चार तारांचं, एकाकडे क्लॅरिनेट. आणि झे नावाचा एक आडदांड माणूस, त्याच्याकडे आपल्या खंजेरीसारखीच खंजेरी, फक्त मोठी. बरोबर संस्थेच्या रेवती मॅडम, दुभाष्या म्हणून.

मारिसाबाईंनी माझा स्टेज पाहिला. चढल्या, टोकापर्यंत चालत गेल्या, उतरल्या आणि रेवती मॅडमना काहीतरी म्हणाल्या.

"त्यांना स्टेज नको आहे," मॅडम म्हणाल्या. "एक टेबल हवंय. लोकांच्या मधोमध. त्याच्याभोवती खुर्च्या टाकून ते बसतील."

"जेवाले बसून राहिले का?" मी म्हणालो.

"वाजवायला. त्यांच्याकडे अशीच रीत आहे. ते एकमेकांकडे तोंड करून बसतात."

"मंग लोकायकडे पाठ?"

"ज्याला तोंड पाहायचं असेल तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसेल, म्हणतात."

गावात चांगला टेबल एकच होता, पाहुण्यांच्या सत्काराचा, नारळ-हार ठेवायचा. तो मांडवात जमिनीवर आणला तेव्हा कमिटीतले अर्धे लोक रुसले. माझा स्टेज रिकामा राहिला. मी रागानं लाल झालो होतो, पण खरी भानगड पुढे होती. मी टेबलाभोवती माईक लावायला गेलो तर मारिसाबाईंनी हाताचा पंजा उलटा करून खाली दाबला. कमी करा. मी थोडं कमी केलं. पुन्हा पंजा खाली. मी म्हटलं, घासाघीस मलाही येते. मी दोन बोटं वर दाखवली, त्यांनी चार बोटं खाली. मी एक वर, त्या तीन खाली. झे हसत होता. शेवटी त्यांनी माईकची वायरच माझ्या हातात दिली.

"मॅडम, यायले सांगा," मी ओरडलो, "हे उघडं शेत हाये. हजारो लोकं येतीन. माईक नाही तं पहिल्या रांगेच्या मांगं कोणाले काई ऐकू नाही येणार!"

मॅडमनी सांगितलं. मारिसाबाई शांतपणे बरंच बोलल्या. त्याचा अर्थ असा की, त्यांचं संगीत जॅझच्या नात्यातलं आहे. चाल ठरलेली असते, पण वाजवताना एकजण वाट बदलतो, बाकीचे त्याच्यामागे जातात, आणि तो कुठे वळणार हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. शेजाऱ्याचा श्वास ऐकू आला तरच हे जमतं. बॉक्सचा आवाज कानावर आदळला की एकमेकांचं ऐकू येत नाही. लोकांनी जवळ येऊन बसावं. नाहीतर ते वाजवणार नाहीत, राग नाही, नुसते जेवून जातील.

तेवढ्यात नाल्यापलीकडे दिलीपनं सुरू केलं. धड-धड-धड. माझ्याच शिकवणीनं बांधलेले पोंगे, तोंड आमच्याकडे. कपातला चहा थरथरत होता.

टेंभरेजी धावत आले. "गणवीरजी, चढवा!"

"हे लोकं वाजवत नाही म्हणते."

"तं नोको वाजवू! आपली दंडार हाये ना. पाहुणे जेवतीन अन् जातीन. तुमी चढवा!"

चढवायला मला एक क्षण पुरला असता. बॉक्सच्या भिंती उभ्या होत्या, वारा माझ्या बाजूचा होता. दिलीपला मी दाबला असता, गाव माझं राहिलं असतं. मी मिक्सरपर्यंत गेलोही. पण जनरेटरमध्ये डिझेल टाकायला तो बंद केलेला होता, म्हणून थांबावं लागलं. ते पाच जण टेबलाशी बसलेलेच होते. त्यांनी आपसात काहीतरी वाजवायला घेतलं, हात मोकळे करायला.

मी मिक्सर सोडून जवळ गेलो. धड-धड चालूच होती, तिच्या फटींतून ऐकावं लागत होतं. झेची बोटं खंजेरीवर इतकी हलकी पडत होती की ती वाजतेय हे पाहूनच कळावं. बासरी पुढे निघाली, सात तारांचं गिटार खालून तिला अडवत होतं, जणू सौदा चालला आहे. ती एक म्हणते, हे दुसरं म्हणतं, ती अर्ध्यावर येते, हे तिला चकवून भलतीकडेच जातं. मग दोघं एकदम एका जागी आले आणि झे मोठ्यानं हसला. दंडारीतली दोन म्हातारी माणसं तोंडाला रंग लावून शेजारी उभी होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "कायले थांबले बे हे? आता तं कुठं भांडण रंगलं होतं."

ते थांबले कारण पलीकडचा आवाज वाढला होता. मारिसाबाईंनी बासरी पेटीत ठेवायला घेतली.

मला कलेचा उमाळा वगैरे आला नाही. मला राग आला. माझ्या मांडवात कोण वाजवणार आणि कोण नाही हे दिलीपनं ठरवायचं? मी मोटरसायकल काढली आणि नाला ओलांडला.

दिलीप बॉक्सच्या मागे खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून उठला. "आओ उस्ताद! चहा घेता?"

"घंटाभर बंद ठेव."

तो हसला. "उस्ताद, धंदा है. लोकं मलेच मारतीन."

"नाटकाचा स्टेज लावाचा हाये म्हणून सांग. जनरेटर तापला म्हण. तुले बहाणे शिकवू का आता?"

"अन् मले का भेटन?"

मी देऊ केलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यानं नकाराची मान हलवली. माझे नवे पोंगे नको. आमगावकडची दोन लग्नं नको. शेवटी म्हणाला, "तुमचं थे गाव द्या. पुढच्या वर्षीपासून मंडई माझी. तुमीच टेंभरेजीले सांगा, आपल्या तोंडानं."

"एका घंट्यासाठी गाव?"

"तुमीच तं शिकवलं जी, ज्याले गरज थो वाकते."

मी शिवी दिली. ती इथे छापता येणार नाही. त्यानं ती हसत ऐकून घेतली. मी मोटरसायकलपर्यंत गेलो, किक मारली, बंद केली, परत आलो. "अंधार पडेपर्यंत," मी म्हणालो. "घंटा नाही. अंधार पडेपर्यंत एक बॉक्स वाजला नाही पाह्यजे." हीच एवढी घासाघीस मला करता आली. त्यानं हात पुढे केला. मी धरला नाही, पण होकाराची मान हलवली.

परतताना नाल्यावर होतो तेव्हाच दिलीपचा आवाज बंद झाला. मी माझाही जनरेटर बंद करायला लावला. टेंभरेजी दोन्ही हात डोक्याला लावून उभे होते. त्यांना मी सगळं सांगितलं, गावासकट. त्यांच्या चेहऱ्यावरून एक ओझं उतरल्यासारखं मला दिसलं, तेही मी विसरलेलो नाही.

मग ते पाच जण वाजवू लागले. लोक आधी मांडवाच्या कडेनं उभे होते, ऐकू येईना तसे पुढे सरकले. पुढचे बसले म्हणून मागचे पुढे आले. बाया मुलांना मांडीवर घेऊन थेट टेबलाला टेकल्या. एका आजीनं झेच्या खुर्चीच्या पायाला धरून बैठक मारली आणि विचारलं, "बाप्पा, बाजा सुरू केव्हा होते?" शेजारणीनं तिला सांगितलं की हाच बाजा, कान दे. गर्दी इतकी गप्प मी आयुष्यात पाहिली नाही. कोणी खोकलं तरी चार जण वळून पाहत होते. पलीकडचा आवाज बंद पडल्यावर तिकडचेही लोक नाला ओलांडून येऊ लागले. ज्यांच्याशी पाण्यावरून वाजलं होतं त्यांना बसायला जागा करून द्यावी लागली.

मला मात्र काही काम नव्हतं. मिक्सरमागे हात बांधून उभा होतो. उन्हं उतरली, गारवा आला, आणि बासरीचा आवाज आपसूक बांध्यांवरून लांब गेला असेल. मी मोजायला गेलो नाही.

वाजवून झालं. माझा जनरेटर चालू केला, कारण टेंभरेजींना आभार मानायचे होते. माझ्या उंच स्टेजवर अखेर तेच चढले. पाहुण्यांचे आभार, संस्थेचे आभार. मग म्हणाले, "अन् आज ज्यायच्यामुळे हा कार्यक्रम शांततेत झाला, ज्यायनं मोठ्या मनानं आपलं साउंड बंद ठेवलं, ते गोंदियाचे दिलीपभाऊ यायचा शाल अन् श्रीफळ देऊन…"

दिलीप गर्दीतच होता. तो वर गेला. शाल घेतली. वाकून घेतली.

मी मिक्सरवरची माईकच्या आवाजाची पट्टी हळूच खाली ओढली. टेंभरेजींचे ओठ हलत राहिले, हात हलत राहिले, आवाज नाही. लोक ओरडू लागले, "आवाज! आवाज!" मी त्यांना पुरतं ओरडू दिलं आणि मग पट्टी वर केली. तेव्हा ते "धन्यवाद" म्हणत होते. माझं नाव त्या दिवशी त्या माईकवर आलं नाही. बंद ठेवणाऱ्याला शाल मिळाली. बंद करवून घेण्यासाठी गाव देणाऱ्याला नाही. लोक म्हणतात, गणवीरभाऊ, जुनी गोष्ट झाली, सोडा. काऊन सोडू?

रात्रीचं नाटक आटोपल्यावर सामान गाडीत चढवत होतो तेव्हा दिलीप आला. शाल घडी करून हातात.

"उस्ताद, हे तुमी ठेवा."

"हट. सौदा झाला, वरून दान नोको देऊ मले."

तो गेला नाही. उभाच राहिला. मग म्हणाला, "एक विचारू का जी? मी तिकडं सगळं बंद केलं ना, जनरेटरपण. तरी काहीतरी वाजतच होतं. बारीक किर्रर्र. मी वायर पाहिली, अर्थिंग पाहिली, एकेक बॉक्स काढून ठेवला. बंद बॉक्समधून कसा आवाज येते?"

"आता येऊन राहिला का?"

त्यानं मान वाकडी करून ऐकलं. "हो ना. इथंपण हाये."

मी हातातली वायर खाली ठेवली. हा किर्रर्र मी ओळखतो. डाव्या कानात माझ्या तो झोपेतही असतो. दिवसभर बॉक्सजवळ असलं की कळत नाही, सगळं बंद झालं की कळतं. आमच्या धंद्यात अनेकांना आहे, बोलत कोणी नाही, कारण बहिऱ्या साउंडवाल्याला गाव कोण देणार?

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला ते खरं सांगतो. सांगतो म्हणावं, पण गाव परत दे. मी तोंड उघडलंही. "दिल्या, मले माहीत हाये हे का हाये. सांगतो. पण…"

"पण का?" तो म्हणाला. चेहरा उतरलेला. इतक्या वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"थे बॉक्समधून नाही येऊन राहिलं," मी म्हणालो. "तुझ्या कानात हाये. गेलेलं परत नाही येत, पण राहिलेलं वाचते. बॉक्सच्या मांगं खुर्ची टाकणं बंद कर. कानात बोळे घाल. अन् उद्याच गोंदियाले कानाच्या डॉक्टरले दाखव, परवा नाही."

त्यानं विचारलं, "तुमाले पण हाये?"

"गाडीले हात लाव," मी म्हणालो. "थो मोठा बॉक्स एकट्याच्यानं उचलत नाही."

आम्ही दोघांनी तो चढवला. भाव ठरायच्या आधी माल देऊन टाकला, असं आयुष्यात मी एकदाच केलं, आणि तेही ज्यानं माझं गाव घेतलं त्याच्यासाठी. गेल्या मंडईत मी त्या गावी जाऊन आलो. साउंड दिलीपचंच होतं, चांगलं होतं. त्याची खुर्ची बॉक्सपासून लांब, मांडवाच्या टोकाला होती आणि कानात कापूस होता. त्यानं मला लांबून हात केला. मीही केला. गाव मात्र मी अजून मागतो आहे आणि तो अजून देत नाही.